यूएसबी ड्राइव्ह घ्यायची की घरात नॅस बसवायचा: डेटा मोजण्यापासून बॅकअप तपासण्यापर्यंत, क्रमाने

फोन भरला, गूगलचे फुकटचे १५ जीबी संपले, लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली, की लोक दोनातलं एक करतात. एक तर सेलमध्ये दिसेल ती २ टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह उचलतात, सगळे फोटो तिच्यात टाकून फोन-लॅपटॉपवरचे उडवून मोकळे होतात, आणि याला बॅकअप म्हणतात. नाहीतर यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून थेट दोन डिस्कचा नॅस मागवतात आणि सहा महिन्यांत तो टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो कारण घरात दुसऱ्या कुणाला तो उघडताच येत नाही. दोन्हीकडे गडबड एकच, वस्तू आधी आली आणि विचार मागून. म्हणून खालचा क्रम मोडू नका, पाचव्या टप्प्यापर्यंत खिशात हात घालायचा नाही.

ज्यांना नॅस हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: राउटरला केबलने जोडलेला, चोवीस तास चालू राहणारा छोटा कॉम्प्युटर, त्यात एक-दोन किंवा जास्त हार्ड डिस्क बसतात, आणि घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही वायफायवरून त्याच्यातल्या फाइल वापरतात. यूएसबी ड्राइव्ह सगळ्यांना माहितीये.

टप्पा १: डेटा किती आहे ते कागदावर मोजा

अंदाजाने नको. प्रत्येक लॅपटॉप, प्रत्येक फोन, जुनी पेनड्राइव्ह, कपाटातलं कॅमेऱ्याचं कार्ड, सगळं काढा आणि फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला आकडा लिहा. फोनवर सेटिंगमधलं स्टोरेज उघडलं की फोटो-व्हिडिओ किती ते दिसतं.

कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात परत कधीच मिळणार नाही असं: घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, धंद्याचं टॅली, पोरांचे प्रोजेक्ट. दुसऱ्यात परत डाउनलोड होईल असं: सिनेमे, गेम, सॉफ्टवेअरचे सेटअप. बहुतेक घरांत पहिला रकाना वाटतो त्याच्यापेक्षा लहान निघतो, आणि जपायचं असतं ते तेवढंच. ४ टीबी हवेत म्हणणाऱ्याकडे खरा डेटा ६००-७०० जीबी आणि बाकी सिनेमे, असं मी तरी बऱ्याचदा बघतो.

मग वाढ धरा. गेल्या वर्षीच्या फोटोंचा फोल्डर किती जीबीचा झाला ते बघा, गुणिले चार वर्षं, त्यात आजचा आकडा मिळवा आणि वर वीस टक्के मोकळी जागा. व्हिडिओ जास्त काढत असाल तर आकडा भरभर वाढतो, आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबी खातं, म्हणजे गॅदरिंगचं एक तासाचं शूटिंग १० जीबीच्या पुढे.

खोक्यावरचा १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो. फसवणूक नाहीये, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. पण हिशेब करताना हा फरक धरा.

> सावधान: आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल किंवा गूगल फोटोजचं 'फ्री अप स्पेस' कधी दाबलेलं असेल तर मूळ फोटो फोनमध्ये नाहीतच, गॅलरीत दिसतात ते नुसते लहान ठसे. अशा फोनमधून केबलने कॉपी केलं की अर्धंच येतं. आधी क्लाउडवरून मूळ फाइल उतरवून घ्या, गूगलचं असेल तर टेकआउट (गूगलची आपला सगळा डेटा एकदम उतरवून घ्यायची सोय) वापरा.

टप्पा २: कोण वापरणार, आणि सांभाळणार कोण

इथे निम्मा निर्णय होतो, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

वापरणारा माणूस एक, लॅपटॉप एक, महिन्यातून दोनदा फाइल टाकायच्या: यूएसबी. विचार करण्यासारखं काही नाही.

घरात चार फोन आहेत, प्रत्येकाचे फोटो आपोआप एका जागी जावेत असं वाटतंय, दोघंजण एकाच फाइलवर काम करतात, मुलगी शिकायला बंगलोरला आहे आणि तिलाही फोल्डर उघडायचा असतो: इथे नॅसला अर्थ आहे.

फक्त टीव्हीवर सिनेमे बघायचेत: पेनड्राइव्ह किंवा जुनी ड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावा आणि हा लेख इथेच सोडा.

आता खरा प्रश्न. नॅसला घरात एक कर्ता माणूस लागतो. अपडेट आलं की टाकणं, डिस्क खराब व्हायला लागल्याचा मेल आला की वाचणं, वायफायचा पासवर्ड बदलला, राउटर बदलला की सगळ्यांचं परत जुळवणं. हा माणूस कोण ते नाव घालून लिहा. जर तो माणूस पुण्यात नोकरीला आणि नॅसचा डबा साताऱ्याला आई-बाबांकडे असणार असेल, तर बंद पडल्यावर फोनवरून 'बाबा, मागचा निळा लाइट लागलाय का' हे सुरू होतं. अशा घरात यूएसबीच बरी. सहा महिन्यांनी अपडेट न झालेला नॅस हा यूएसबी ड्राइव्हपेक्षा जास्त धोकादायक असतो, का ते सातव्या टप्प्यात येईल.

टप्पा ३: घरातलं नेटवर्क, वीज आणि जागा तपासा

ज्यांचं उत्तर यूएसबी आलं त्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावं.

लोक म्हणतात नॅस स्लो आहे. नॅस स्लो नसतो, मधला रस्ता स्लो असतो. राउटरच्या मागची भोकं बघा. स्वस्त राउटरला अजूनही १०० एमबीपीएसची असतात, आणि फायबरवाले जो डबा लावून जातात त्याच्यात कधीकधी एकच भोक गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची असतात, त्यामुळे नॅस भलत्याच भोकात लागतो आणि कुणाला कळतही नाही. लॅपटॉप केबलने जोडून विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १००/१०० दिसला की अडलं, १०००/१००० दिसला की बरोबर.

इंटरनेटवाले मेगाबिट बोलतात आणि फाइल मोजायची मेगाबाइटमध्ये, म्हणून आठाने भागायचं. हिशेब असा पडतो, ५०० जीबी पहिल्यांदा टाकायचेत असं धरा:

- १०० एमबीपीएसच्या भोकातून सेकंदाला साधारण ११ एमबी, म्हणजे साडेबारा तास
- गिगाबिटमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, म्हणजे सव्वा तास
- दोन भिंतींपलीकडून २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर ५ एमबी मिळाले तर २७-२८ तास, आणि मध्ये तुटलं तर परत पहिल्यापासून
- यूएसबी ३ वरच्या साध्या हार्ड डिस्कला सव्वा तासाच्या आतबाहेर
- तीच ड्राइव्ह चुकून यूएसबी २ च्या भोकात लावली तर सेकंदाला ३०-४० एमबी, म्हणजे चार तास

केबल पण बघा. जुन्या वायरिंगमध्ये आठाऐवजी चारच तारा जोडलेल्या असतात, त्याच्यावर गिगाबिट येतच नाही, डबा कितीही भारी आणा. कॅट ५ई ची पूर्ण आठ तारांची केबल पुरते, महागडी नको.

वीज: दोन डिस्कचा नॅस १५ ते २० वॉट खातो. चोवीस तास तीस दिवस म्हणजे महिन्याला ११ ते १४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर शे-दीडशे रुपये बिलात वाढतात. ते परवडतं, त्रास खर्चाचा नाही, लाइट जाण्याचा आहे. लिहिता लिहिता वीज गेली की फाइलच नाही, कधीकधी अख्खी रचना बिघडते. ग्रामीण भागात, कोकणात पावसाळ्यात, किंवा शहरातही जिथे दुपारी दोनदा झटका बसतो तिथे यूपीएस नसेल तर नॅस घेऊ नका. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून चालेल असं धरू नका, साध्या मोडवर तो पंखा आणि ट्यूब सांभाळतो पण बदलाबदलीच्या त्या क्षणात नॅस रिस्टार्ट होऊ शकतो.

जागा: बंद टीव्ही युनिटमध्ये नको, हवा खेळली पाहिजे. बेडरूममध्येही नको, ३.५ इंची डिस्कची घरघर रात्री ऐकू येते.

> तपासा: गिगाबिट भोक आहे? पूर्ण केबल आहे? यूपीएसचं बजेट आहे? कर्त्या माणसाचं नाव लिहिलंय? एकाचंही उत्तर नाही आलं तर आधी ते करा, नाहीतर यूएसबीकडे वळा.

टप्पा ४: आता निर्णय

माझं मत सरळ आहे. बहुतेक घरांना दोन यूएसबी ड्राइव्ह लागतात, नॅस नाही. आणि ज्यांना नॅस लागतो त्यांनाही एक यूएसबी ड्राइव्ह लागतेच, कारण नॅसचाही बॅकअप घ्यावा लागतो. म्हणजे 'हे की ते' असं नाहीच, प्रश्न एवढाच की यूएसबीच्या वर नॅस हवा का.

नियम जुनाच आहे, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, घरातल्या ड्राइव्हवर दुसरी, आणि दुसरी ड्राइव्ह भावाकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तिसरी. झालं.

नॅसचं बजेट लावताना डबा, दोन डिस्क, यूपीएस आणि बॅकअपची यूएसबी ड्राइव्ह असं चारही धरा. शेवटचे दोन कापून बसतंय असं वाटत असेल तर ते बसत नाहीये.

मधला मार्ग म्हणून राउटरच्या यूएसबी भोकात ड्राइव्ह लावायचं लोक सुचवतात. करून बघायला हरकत नाही पण जपायचा डेटा तिथे नको. पुष्कळ राउटर अजून एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल वाटायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतात, ती विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून मुळात बंदच येते, मग लोक 'ड्राइव्ह दिसत नाही' म्हणून शोधतात आणि कुठलातरी व्हिडिओ बघून ती जुनी असुरक्षित गोष्ट परत चालू करतात. ते करू नका. राउटरचा प्रोसेसर पण बिचारा, स्पीड मिळत नाही, ड्राइव्ह खराब होतेय हे सांगणारं कुणी नाही, आणि बॅकअपची सोय नाही.

टप्पा ५: खरेदी

*यूएसबी घेत असाल तर*

२.५ इंची पोर्टेबल ड्राइव्ह लॅपटॉपमधूनच वीज घेते. ३.५ इंची टेबलावरचीला वेगळा अडॅप्टर लागतो, पण मोठी जागा स्वस्तात मिळते. एसएसडी पडली तरी सहसा वाचते आणि वेगवान असते, रोज बॅगेतून नेणार असाल तर तीच घ्या. पण वर्षानुवर्षं कपाटात न जोडता ठेवायची असेल तर हार्ड डिस्क बरी, एसएसडीला वीज न मिळता पडून राहणं मानवत नाही.

दोन ड्राइव्ह एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी, एकाच ऑर्डरमध्ये घेऊ नका. एका खेपेतल्या डिस्कना एकच दोष असू शकतो आणि मग दोघी बरोबरच जातात.

> सावधान: '१६ टीबी एसएसडी फक्त १५०० रुपये' असं काही दिसलं की पुढे जा. आतमध्ये छोटं मेमरी कार्ड असतं आणि खोटी साइज दाखवायला शिकवलेलं असतं. कॉपी होताना सगळं छान दिसतं, जागा संपली की जुन्यावरच लिहीत जातं.

वॉरंटी भारतातली आहे का ते सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा, बाहेरून आणलेल्या मालाला इथे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. आणि वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, फोटो मिळत नाहीत.

*नॅस घेत असाल तर*

एका डिस्कचा डबा घेऊ नका, दोनचा घ्या. चारचा घरी क्वचितच लागतो.

डिस्क निवडताना सीएमआर आहे का बघा, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी असलेली. एसएमआर प्रकारात पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, जागा स्वस्त पडते पण सलग लिखाण सुरू झालं की डिस्क धापा टाकते, आणि खराब डिस्क बदलून नवी भरताना नेमकं तेच लिखाण असतं. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या 'रेड' नावाच्या नॅसच्या डिस्कमध्ये गाजावाजा न करता एसएमआर आल्याचं बाहेर पडलं आणि मोठा गोंधळ झाला, नंतर कंपनीने सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या काढल्या. म्हणून नुसतं 'रेड' वाचून थांबायचं नाही, रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ असं नीट बघायचं.

डब्याच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या डिस्कची यादी असते, ती आधी उघडा. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेलमध्ये फक्त प्रमाणित डिस्कच चालतील असा नियम आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो सैल केला, अशा गोष्टी मधल्यामध्ये बदलतात, दुकानदाराच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. डबा मॉडेल किती जुनं आहे आणि अपडेट अजून येतात का तेही बघा. सेकंडहँड जुना डबा स्वस्तात मिळतो तो याच कारणाने.

टप्पा ६: यूएसबी ड्राइव्ह वापरात आणायचा क्रम

१. खोकं उघडल्यावर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा. नव्या डिस्कचे चालू तास शून्याच्या जवळ पाहिजेत, हजारो दिसले तर वापरलेली आहे, तशीच परत पाठवा. रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे आकडे, तिन्ही शून्य हवेत.

२. रिकामी असतानाच एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून वाचून घ्या, मॅकवर एफ३ आहे. मोठ्या ड्राइव्हला अख्खी रात्र लागते, लागू दे. परत करायची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे.

३. फॉरमॅट ठरवा. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हीवर लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये ड्राइव्ह अचानक ओढली तर बिघडायची शक्यता जास्त, एवढं लक्षात ठेवा. फॅट३२ नको, ४ जीबीवरची फाइल घेत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो. मॅकच्या टाइम मशीनला (मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीला) स्वतंत्र ड्राइव्ह द्या, त्यात बाकीचं कोंबू नका.

४. पासवर्ड लावायचा असेल तर फाइल टाकायच्या आधी. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये नवीन लावता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट. रिकव्हरी की छापून कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, त्याच ड्राइव्हमध्ये ठेवणारे लोक आहेत म्हणून सांगतोय.

५. कॉपी करा. कट करू नका. हलवताना मध्ये केबल निसटली तर काही फाइल इकडे, काही तिकडे, आणि एखादी कुठेच नाही. आणि ती केबल निसटतेच, पोर्टेबल ड्राइव्हचं ते रुंद चपटं दोन भागांचं तोंड थोडं सैल झालं की लॅपटॉप गादीवर सरकवला तरी 'टुंग' असा आवाज येऊन ड्राइव्ह गायब होते. टेबलावर ठेवा, केबल हलणार नाही अशी. डेस्कटॉप असेल तर पुढच्या भोकात न लावता मागच्या भोकात लावा, पुढे वीज कमी पडली की ड्राइव्ह टकटक करत चालू-बंद होते आणि माणूस ती मेली समजतो.

६. जुळवा. दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलची संख्या आणि 'साइज' बघा, 'साइज ऑन डिस्क' वेगळा येणारच. टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिफाय आहे, महत्त्वाच्या फोल्डरला ते वापरा. संख्या जुळत नसेल तर बहुतेक वेळा फोल्डरात फोल्डर करून पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेलेला असतो आणि विंडोजने ती फाइल गाळलेली असते.

७. इजेक्ट करूनच काढा. मग ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून काय आहे आणि शेवटचा बॅकअप कधी ते पेनाने लिहा.

८. हेच सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि ती घराबाहेर. दर महिन्या-दोन महिन्यांनी दोघींची अदलाबदल. पावसाळी हवेच्या गावात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत.

> सावधान: फ्रीफाइलसिंकसारखा दोन फोल्डर जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर 'मिरर' आणि 'अपडेट' मधला फरक समजून घ्या. मिररमध्ये लॅपटॉपवर उडलेली फाइल ड्राइव्हवरूनही उडते. आणि दोन बाजू उलट्या निवडल्या तर रिकामी ड्राइव्ह भरलेल्या लॅपटॉपवर मिरर होते. बटण दाबायच्या आधी किती फाइल डिलीट होणार तो आकडा वाचा.

> तपासा: फोटो लॅपटॉपवरून उडवायची घाई आहे? दोन्ही ड्राइव्हवर जुळले का ते बघितल्याशिवाय नाही. एकाच ड्राइव्हवर असलेला फोटो हा बॅकअप नसतो, तो फक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला एकुलता एक फोटो असतो.

टप्पा ७: नॅस बसवायचा क्रम

१. डबा बंद असताना डिस्क बसवा. कुठल्या खणात कुठल्या सीरियल नंबरची डिस्क आहे ते कागदावर लिहून डब्याच्या तळाला चिकटवा. आत्ता फालतू वाटेल, शेवटी कामाला येईल.

२. यूपीएसला जोडा, आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला लावा. त्याशिवाय वीज गेल्याचं नॅसला कळत नाही आणि बॅटरी संपेपर्यंत तो निवांत चालू राहून मग धाडकन बंद होतो. यूपीएस त्या मॉडेलला चालतो का हे विकत घेण्याआधीच यादीत बघा.

३. ब्राउझरमधून सेटअप. दोन डिस्क असतील तर रेड १ (इंग्रजीत RAID, डिस्क एकत्र वापरायची पद्धत, डब्ल्यूडीच्या 'रेड' डिस्कशी याचा संबंध नाही), म्हणजे दोन्हीवर सारखंच. ४ टीबीच्या दोन डिस्क टाकून ४ टीबीच जागा मिळणार, ८ दिसावेत म्हणून रेड ० निवडू नका, एक डिस्क गेली की दोन्हीतलं सगळं गेलं. डिस्कमध्ये आधीचं काही असेल तर इथे पुसलं जातं, तेव्हा जुन्या भरलेल्या डिस्क घालू नका.

४. अपडेट टाका, मग बाकीचं. मूळचं 'अॅडमिन' नावाचं खातं बंद करून वेगळ्या नावाचं करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं साधं खातं द्या, सगळ्यांना अॅडमिनचा पासवर्ड वाटू नका.

५. राउटरमध्ये जाऊन नॅसचा आयपी पत्ता पक्का करा. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि 'नॅस गायब झाला' सुरू.

६. राउटरमधलं यूपीएनपी (डब्यांना आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे तीच वाट हाताने उघडणं, करू नका. हा भाग हलक्यात घेऊ नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅसचे डबे गाठले आणि लोकांच्या फाइल पासवर्ड लावलेल्या ७-झिपमध्ये बांधून पैसे मागितले, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने तोच उद्योग केला. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीचे माय बुक लाइव्ह हे जुने डबे, ज्यांना २०१५ नंतर अपडेट नव्हतं, बाहेरून कुणीतरी रिसेट केले आणि मालकांना सकाळी रिकामे फोल्डर दिसले. टप्पा २ मधला कर्ता माणूस यासाठी.

बाहेरून उघडायचं असेल तर टेलस्केल लावा, म्हणजे आपलीच उपकरणं इंटरनेटवरून खाजगी वाटेने एकमेकांना जोडणारं अॅप. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना वाटून देतात, राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुमचं तसंच आहे, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही आणि टेलस्केल मात्र चालतं.

७. पहिली मोठी कॉपी केबलने. वायफायवरून रोजची भर टाका, पहिला ढीग नको.

८. फोनचं अॅप. अँड्रॉइडमध्ये त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन रात्रीत त्याला झोपवतो. आयफोनवर अॅप अधूनमधून उघडावं लागतं, आईला तेवढं सांगून ठेवा. आणि कुठले फोल्डर जातायत ते बघा, बऱ्याचदा कॅमेऱ्याचाच फोल्डर निवडलेला असतो आणि व्हॉट्सअॅपवर आलेले बारशाचे फोटो राहून जातात.

९. रिसायकल बिन चालू करा, डब्यात सोय असेल तर स्नॅपशॉट (ठराविक वेळची फाइलची जुनी अवस्था जपून ठेवणं) पण. बिघाडाचा मेल कुणाच्या पत्त्यावर येणार ते भरा आणि टेस्ट मेल पाठवून बघा.

१०. मागच्या भोकात यूएसबी ड्राइव्ह लावून आठवड्याचा बॅकअप बांधा, आणि बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवा. कायम लावलेली ड्राइव्ह रॅन्समवेअरलाही दिसते.

> सावधान: रेड १ म्हणजे बॅकअप नाही. पोराने फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. रेड फक्त एक डिस्क मेल्यावर काम चालू ठेवतो, बाकी कशापासून वाचवत नाही.

टप्पा ८: परत मिळतंय का ते बघा

बॅकअप 'सक्सेसफुल' दाखवतो यावर थांबू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर ड्राइव्ह लावा, पासवर्ड टाकून उघडा, एक जुना फोटो, एक लांबलचक व्हिडिओ आणि एक पीडीएफ उघडून शेवटपर्यंत बघा. नॅसवाल्यांनी बॅकअपची ड्राइव्ह नॅसला न लावता थेट कॉम्प्युटरला लावून बघावी, काही प्रोग्रॅम आपल्याच साच्यात बांधून ठेवतात आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते संकटाच्या दिवशी कळायला नको. तीन महिन्यांतून एकदा, कॅलेंडरवर टाकून ठेवा, त्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फोही बघा. पेंडिंग सेक्टर शून्यावरून वर गेला की ड्राइव्ह बदला, अजून चालतेय म्हणून ठेवू नका.

यूएसबी ड्राइव्ह खटखट करायला लागली आणि त्यातला डेटा दुसरीकडे नसेल तर तिथेच काढा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क दुरुस्त करायची सोय) मारत बसू नका, फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका, जितकी फिरवाल तितकं हाती लागायची शक्यता कमी होते, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

नॅसमधली एक डिस्क गेली तर मात्र घाबरायचं काही नाही, पण क्रम पाळा. आधी यूएसबीवर ताजा बॅकअप, तो उघडून बघणं, आणि मगच डिस्कला हात. स्क्रीनवर खराब डिस्कचा सीरियल नंबर दिसतो तो तळाच्या कागदावर जुळवा आणि त्याच खणातली ओढा. खण डावीकडून मोजायचे की उजवीकडून या घोळात चांगली डिस्क ओढली गेली की खराब डिस्कच्या भरवशावर अख्खं घर येतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे, आणि भरणं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मोठ्या डिस्कला अख्खा दिवससुद्धा जाऊ शकतो, डब्यावर बाकी काही कॉपी करू नका आणि घरच्यांना डब्याच्या चालू-बंद बटणाला हात लावू देऊ नका.